कासव कोणाचे होते?

(शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांच्या वाचनाविषयी मी दोन शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. विषय मोठा आहे आणि त्यावर सर्वसाधारण बोलणारे पुष्कळ आहेत. मी आपल्यासमोर एकच पुस्तक घेऊन आलो आहे. ते विनोदी आहे, परदेशातले आहे, आणि त्यात अडीच-तीन वर्षांचा एक मुलगा आपल्या थोरल्या भावाचे कासव गिळून टाकतो. एवढे ऐकूनच काही जण हसले. हसावे असेच ते पुस्तक आहे. पण आपण हसून झाल्यावर त्या थोरल्या भावाकडे एकदा पाहावे, एवढ्यासाठी मी उभा आहे.

पुस्तकाचे नाव 'टेल्स ऑफ अ फोर्थ ग्रेड नथिंग'. लेखिका ज्यूडी ब्लूम. अमेरिकेत १९७२ साली ते प्रसिद्ध झाले. पुस्तक छोटेखानी आहे. दहाच प्रकरणे आहेत आणि मधूनमधून रेखाचित्रे आहेत. नावाचा अर्थ सांगायचा तर 'चौथीतल्या एका कोणीही नसलेल्याच्या गोष्टी'. 'नथिंग' या शब्दाला आपल्याकडे नेमका जोड सापडत नाही. 'कःपदार्थ' म्हणावे तर तो पंडिती होतो. घरात पाहुणे आले असता धाकट्याला मांडीवर घेतले जाते आणि थोरल्याला "जा रे, पाणी आण" म्हणून सांगितले जाते, त्या थोरल्याची त्या क्षणाची जी अवस्था, ती म्हणजे 'नथिंग'.

या पुस्तकाचा जन्म कसा झाला तेही ऐकण्यासारखे आहे. ब्लूमबाईंच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी एके दिवशी वर्तमानपत्रातली एक बातमी त्यांना आणून दाखविली. एका लहान मुलाने घरातले इवलेसे कासव गिळले होते. बाईंना गोष्ट सुचली. घरी त्यांचा स्वतःचा मुलगाही तसाच अवखळ होता. त्यांनी आधी अगदी लहान मुलांसाठी चित्रमय पुस्तक म्हणून ती लिहिली, पण ती स्वीकारली गेली नाही. पुढे डटन प्रकाशनाच्या संपादिका ॲन ड्युरेल यांनी सुचविले की याच कुटुंबावर थोडे मोठे पुस्तक लिहा. म्हणजे आधी शेवट सापडला आणि मग तिथवर पोचणारी नऊ प्रकरणे लिहिली गेली. पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवले तर एक गोष्ट दिसते. सगळी गंमत एका नुकसानीच्या दिशेने चाललेली आहे.

कथा सांगतो पीटर हॅचर, वय वर्षे नऊ. राहतो न्यूयॉर्कमध्ये, सेंट्रल पार्कजवळच्या एका उंच इमारतीत. इमारतीला लिफ्ट आहे आणि लिफ्ट चालविणारे एक गृहस्थही आहेत. वडील जाहिरात कंपनीत नोकरीला. धाकटा भाऊ फार्ली ड्रेक्सेल, पण त्याला सगळे 'फज' म्हणतात. फज ही तिकडची एक मऊ मिठाई. म्हणजे आपल्याकडे एखाद्याला लाडाने 'पेढा' म्हणावे तसे.

पीटर आपला मित्र जिमी फार्गो याच्या वाढदिवसाला जातो. तिथे बरणीत गोळ्या भरून ठेवलेल्या असतात. किती आहेत ते ओळखायचे. ज्याचा अंदाज जवळचा, त्याला बक्षीस. पीटर जिंकतो आणि त्याला मिळते एक छोटेसे हिरवे कासव. बाकीच्या मुलांना घरी जाताना पिशवीतून एकेक सोनमासा मिळतो. पीटर मात्र काचेचे भांडे सांभाळत घरी येतो. कासवाचे नाव ठेवतो 'ड्रिबल'. थेंब थेंब गळणे, असा काहीसा त्याचा अर्थ.

वाचकहो, इथे जरा थांबा. हे कासव पीटरला आईवडिलांनी घेऊन दिलेले नाही. ते घराचे नाही. ते त्याने स्वतः जिंकले आहे. त्याचे पाणी तो बदलतो, त्याला खायला तो घालतो, फजने हात लावू नये म्हणून पहारा तो देतो. ज्या घरात त्याच्या वाट्याची जवळजवळ प्रत्येक वस्तू धाकट्याच्या हाताखालून जाते, त्या घरात एक जिवंत वस्तू केवळ त्याची आहे.

मधल्या प्रकरणांत काय घडते? फज जेवत नाही. आई हवालदिल. मग पीटरला सांगण्यात येते, तू डोक्यावर उभा राहा. पीटर स्वयंपाकघरात शीर्षासन करतो, ते पाहून फज हसतो, हसताना तोंड उघडतो, आणि त्या तोंडात आई पटकन घास कोंबते. वाचताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू येते. पुढे फज टेबलाखाली बसून कुत्रा होतो आणि तिथेच जेवण मागतो. शेवटी वडिलांचा संयम सुटतो आणि ते न्याहारीचे भांडे त्याच्या डोक्यावर उपडे करतात. जोडे घ्यायला दुकानात जावे तर फजला भावासारखेच जोडे हवेत. मग आई पीटरच्या पायात त्याला नको असलेले जोडे चढविते, कारण ते पाहून धाकटा तसलेच घेईल. तीनचाकी सायकलच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत फजला घेतात. ऐन वेळी तो सायकल चालवायला नकार देतो. पुन्हा पीटरला पुढे करतात. तू चालव, म्हणजे तो चालवील.

माझे म्हणणे असे आहे की या पुस्तकातला विनोद ज्या खुंटीवर टांगलेला आहे, ती खुंटी पीटर आहे. तो दर वेळी आमिष म्हणून वापरला जातो. गळाला लावलेल्या गांडुळाचे कौतुक कोणी करीत नाही, मासा लागला की टाळ्या मिळतात त्या कोळ्याला. आपल्या घरांतही हे चालते आणि आपण त्याला 'समजूतदारपणा' हे गोड नाव दिलेले आहे. "तू मोठा आहेस ना?" हे वाक्य आपल्यापैकी कोणी आजवर उच्चारले नसेल तर त्यांनी हात वर करावा. (सभागृहात एकही हात वर झाला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.)

मी हे पुस्तक सहावीच्या वर्गाला मराठीत सांगतो. मधूनच एखादे सोपे इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहितो. आमच्या मुलांच्या घरी काचेच्या भांड्यात कासव नसते. शेळी असते, कोंबड्या असतात, आणि मांजर तर न बोलावता येते. तरी गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शीर्षासनाला सगळा वर्ग हसतो. जोड्यांच्या दुकानापाशी मात्र हसण्यात दोन तट पडतात. धाकटी मुले हसतच राहतात, थोरली जरा गप्प होतात. नाव न विचारताही कोण कितवे भावंड आहे हे त्या वेळी वर्गाकडे पाहून सांगता येते.

एकदा मी मुलांना विषय दिला, 'माझे जनावर'. एका मुलीने लिहिले ते असे. मांजराचे पिल्लू तिने आणले, कापसाच्या बोळ्याने दूध तिने पाजले. धाकट्या भावाने त्याला शेपटीला धरून उचलले. पिल्लाने ओरबाडले. भावाला दवाखान्यात नेले, येताना त्याला फुगा घेतला. संध्याकाळी पिल्लू पिशवीत घालून बाजारापलीकडे सोडून आले. शेवटची ओळ होती, 'मला कोणी काही विचारले नाही.' मी ती वही गुण न देता परत केली. अशा ओळीला दहापैकी किती द्यायचे?

आता दहावे प्रकरण. त्याआधी एक तपशील सांगायला हवा. फजने पीटरच्या शाळेतल्या तक्त्यावर रंगाच्या रेघोट्या ओढून त्याची मेहनत वाया घालविलेली असते, म्हणून पीटरच्या खोलीच्या दाराला वर, फजचा हात पोचणार नाही अशी साखळी बसविलेली असते. मोठ्यांनी केलेला हा खरोखर चांगला न्याय. मुलाची वस्तू मुलाची आहे हे त्यांनी एका कडीने मान्य केले. पण एके दिवशी पीटर शाळेतून घरी येतो तर कडी निघालेली आणि दारात खुर्ची. खुर्चीवर चढता येते, हे अडीच-तीन वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. भांडे आहे, पाणी आहे, ड्रिबल नाही.

फज पोटाकडे बोट दाखवितो.

मग आईचा आरडाओरडा, रुग्णवाहिका, इस्पितळ, क्ष-किरण तपासणी, शस्त्रक्रियेची भीती, एरंडेल आणि आणखी दोन सारक औषधे, आणि अखेर सुटका. सगळ्यांना आनंद होतो. फजसाठी भेटवस्तू येतात. आता ही गर्दी, ही धावपळ, हे अश्रू सगळे खरे आहेत. मुलाचा जीव कासवापेक्षा मोठा आहे हे पीटरलाही कळते. तो मूर्ख नाही आणि दुष्टही नाही. पण त्याच्या लक्षात येते की या साऱ्यात ड्रिबल मेला, आणि ते वाक्य कोणाच्याच तोंडून येत नाही. गिळणाऱ्याची विचारपूस चालली आहे. गिळले गेलेले कोणाचे होते हा प्रश्न घरात कोणाला पडलेलाच नाही.

लेखिकेचे सामर्थ्य मला इथे दिसते. तिने आईवडिलांना खलनायक केले नाही. ती आई वाईट नाही. आधीच्या एका प्रकरणात बागेतल्या लोखंडी खेळण्यावर चढून, आपण पक्षी आहोत असे समजून फज उडी मारतो आणि पुढचे दोन दात घालवून बसतो. आई आधी पीटरवर संतापते, तू लक्ष का दिले नाहीस म्हणून. वास्तविक लक्ष ठेवण्याची जबाबदारी शेजारच्या शीला टबमनने हौसेने घेतलेली असते. पण नंतर आई पीटरच्या खोलीत येते आणि रागाच्या भरात बोललेले शब्द मागे घेते. मुलाजवळ येऊन दिलगिरी व्यक्त करणारी आई १९७२ च्या बालसाहित्यात मला विशेष वाटते. आजही आपल्यातले किती पालक हे करतील, आणि किती शिक्षक करतील?

पुस्तकात मला न पटणाऱ्या गोष्टीही आहेत. त्या घरात स्वयंपाक आणि मुले हे आईचे काम, आणि वडिलांनी एखाद दिवस चूल सांभाळली की तो विनोदाचा विषय. तक्ता खराब केल्याबद्दल फजला मार मिळतो आणि पीटरला समाधान वाटते. ते समाधान मानवी आहे, पण वर्गात सांगताना मी तिथे थांबतो आणि मुलांना विचारतो की माराने तक्ता दुरुस्त झाला का. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली आहे. घरातल्या माराचा विचार मात्र अजून ज्याचा त्याने करायचा आहे. पाहुण्या आलेल्या बाईंसमोर कासव नेल्यावर त्या किंचाळतात, हा प्रसंग सांगताना मुलींकडे पाहून मुलगे हसतात, तेही मला फारसे रुचत नाही. झुरळ पाहून खुर्चीवर चढणारे पुरुष मी शिक्षककक्षात पाहिले आहेत. असो.

कासवाविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण गोष्ट ऐकून मुले घरी कासव मागतात. त्या काळी अमेरिकेत अशी नाण्याएवढी कासवे दुकानांतून सर्रास विकली जात. त्यांच्यामुळे मुलांना साल्मोनेला नावाच्या जंतूची बाधा होते असे आढळल्यावर, पुस्तक आल्यानंतर तीनच वर्षांनी, १९७५ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांहून कमी लांबीच्या कवचाची कासवे विकण्यास बंदी घातली. लहान कासव मुले तोंडात घालतात, हेच त्यामागचे कारण. म्हणजे फजने केले ते फारसे अघटित नव्हते. आपल्याकडे १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तारांकित कासवासारखी देशी कासवे आणि नेहमीचा हिरवा पोपट घरी पाळणे हा गुन्हा आहे. मत्स्यालयाच्या दुकानात जे मिळते ते कानाशी लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव. ते आणताना रुपयाएवढे असते आणि वाढून ताटलीएवढे होते. कित्येक वर्षे जगते. मग कंटाळलेली मंडळी ते गावच्या तळ्यात सोडून देतात आणि तिथल्या मूळच्या कासवांच्या तोंडचा घास जातो. तेव्हा गोष्ट आणा, कासव आणू नका.

या कुटुंबाची कहाणी पुढे चालू राहिली. १९८० साली 'सुपरफज' आले, त्यात घरी तान्ही बहीण येते. आता फज थोरला! आणि ज्याने आजवर भावाचे सर्वस्व लुटले, तो या नव्या पाहुणीला पाहून कासावीस होतो. त्या काळी तिकडे दुकानदार खरेदीवर छोटी तिकिटे देत. ती वहीत चिकटवून जमविली की त्यांच्या बदल्यात वस्तू मिळे. फज ही तिकिटे बहिणीच्या अंगभर चिकटवितो. तिच्या बदल्यात त्याला दोनचाकी सायकल हवी असते. मला हा प्रसंग पहिल्या पुस्तकातल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक आवडतो, कारण त्यात फजचा हिशेब चुकता होतो आणि तरी त्याची कीव येते. एका भावंडाची जागा दुसऱ्याला मिळाली की दुखणेही त्याच्याबरोबर सरकते.

त्याच पुस्तकात फजला स्वतःचा पक्षी मिळतो, मैना. तिचे नाव 'अंकल फेदर', म्हणजे पीसकाका. ही मैना माणसासारखी बोलते आणि तीही अशी की घरच्यांना कान झाकावेसे वाटावेत. बोलण्यात पटाईत अशी पहाडी मैना आपल्या देशातली आहे, छत्तीसगढचा तो राज्यपक्षी आहे. अमेरिकेतल्या एका कथेतल्या पिंजऱ्यात आपल्या डोंगरातल्या पक्ष्याचा आवाज घुमावा, हे ऐकून आमच्या वर्गाला फार अभिमान वाटला. एका मुलाने मात्र विचारले, "सर, तिला तिथे नेले कोणी?" प्रश्न बरोबर होता. मैनेचा कंठ गोड म्हणून तिच्या वाट्याला पिंजरा आला.

पण या दुसऱ्या पुस्तकापर्यंत ते घर एक गोष्ट शिकले आहे. पीटरजवळ पीटरचे जनावर, फजजवळ फजचे. दोघांचे मिळून एक, असा समेट त्यांनी केलेला नाही. आपण मुलांना नेहमी सांगतो, "दोघे मिळून खेळा." वाटून घेणे चांगलेच, परंतु ज्याच्याजवळ स्वतःचे काहीच नाही त्याने वाटायचे काय? आमच्या घरांतून जागा कमी असते, खोलीला कडी लावण्याची चैन बहुतेकांना नाही. पण एक पत्र्याची पेटी, एक फळी, भिंतीतला एक कोनाडा, एवढे एका मुलाच्या नावावर करता येते. तो कोनाडा उघडायचा झाल्यास बापानेही विचारून उघडावा.

पहिल्या पुस्तकाचा शेवट सांगायचा राहिला. फजच्या भेटवस्तूंच्या ढिगाकडे पाहत पीटर कुढत बसलेला असताना वडील एक मोठे खोके घेऊन येतात. पीटर तिकडे पाहतही नाही. हेही धाकट्याचेच असणार! पण ते त्याच्यासाठी असते. आत कुत्र्याचे पिल्लू असते. ड्रिबल गेल्याचे दुःख तुला झाले हे आम्हांला माहीत आहे, असे आईवडील त्याला सांगतात. मोठे जनावर निवडण्यात सोय अशी की ते फजच्या तोंडात मावणार नाही.

एका वर्गात यावर वाद झाला. काही मुले म्हणाली, कासव गेले पण कुत्रा मिळाला, फायदाच झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला तीन धाकटी भावंडे आहेत, उठून म्हणाला, "सर, कुत्रा नंतर दिला. आधी नुसते म्हणायला पाहिजे होते ना, की तुझे कासव मेले." मी त्याला बसायला सांगितले नाही. तो स्वतःच बसला.

पीटर त्या कुत्र्याचे नाव 'टर्टल' ठेवतो. टर्टल म्हणजे कासव.

पुस्तकाची इंग्रजी प्रत मी आमच्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. भाषा सोपी आहे, आठवीच्या मुलाला शब्दकोश जवळ असला तर पुरते. पालकांनी न्यायची असेल तर दोन आठवड्यांत परत करावी, आणि घरात दोन मुले असतील तर आधी थोरल्याच्या हाती द्यावी.